लिनक्स कर्नलचे डीबग संदेश नेमके कोठे दिसतात?

धागालेखन : पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी,

माझ्या लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ आहे. मायक्रोकंट्रोलरचा एक छोटा बोर्ड मी यूएसबी केबलने त्याला जोडते. बोर्डावर सीएच३४० ही यूएसबी-सिरियल चिप आहे. बोर्ड जोडला की त्यावरचा दिवा लागतो, म्हणजे वीज पोचते आहे. परंतु टीटीवाययूएसबी० हे पोर्ट डेव्ह फोल्डरमध्ये दिसत नाही आणि त्यामुळे बोर्डावर प्रोग्राम चढवता येत नाही. हाच बोर्ड आणि हीच केबल मैत्रिणीच्या विंडोज संगणकावर व्यवस्थित चालते.

एका जाणकारांनी ‘कर्नलचे (म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे) डीबग संदेश चालू करून बघा’ असे सुचवले. इंटरनेटवर बहुतेक ठिकाणी त्यासाठी कन्सोलची पातळी ८ करा असे लिहिलेले आढळते. त्याप्रमाणे मी सुडो लावून (म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याच्या अधिकारात) डीमेसेज या आज्ञेला ‘एन’ पर्याय आणि ८ हा आकडा दिला, टर्मिनलची खिडकी उघडी ठेवली आणि बोर्ड काढून पुन्हा लावला. खिडकीत काहीही उमटले नाही.

याच सुमारास शिकण्यासाठी मी एक लहानसे कर्नल मॉड्यूल (चालू कर्नलमध्ये चढवता येणारा कोडचा तुकडा) लिहिले आहे. त्यात पीआर-इन्फोने लिहिलेली ओळ डीमेसेजच्या यादीत दिसते, पीआर-डीबगने लिहिलेली ओळ मात्र पातळी ८ करूनसुद्धा कोठेच सापडत नाही. हे संदेश जातात तरी कोठे, आणि ते पाहण्याची खात्रीची जागा कोणती, हे कोणी सविस्तर सांगू शकेल काय?

प्रतिसाद १ : तारायंत्र

पाटीपेन्सिलताई, तुम्ही ज्याला एक प्रश्न समजत आहात ते खरे तर वेगवेगळे प्रश्न आहेत, आणि इंटरनेटवरचे ‘८ लिहा’ हे उत्तर त्यांतल्या सर्वांत कमी महत्त्वाच्या प्रश्नाचे आहे. मार्ग आणि आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितो आहे, ते सर्वांच्या ओळखीचे असल्याने अडचण येऊ नये.

सुरुवात साठवणीपासून करू. कर्नलमधला कोणताही कोड प्रिंटके हे फंक्शन वापरून संदेश लिहितो, तेव्हा तो संदेश आधी कर्नलच्याच मेमरीतल्या एका ठरावीक मापाच्या बफरमध्ये जातो. हा बफर रहाटगाडग्यासारखा फिरता आहे: तो भरला की सर्वांत जुन्या नोंदीच्या जागी नवी नोंद येते. मूळ कर्नलच्या मांडणीत त्याचे माप २ चा १७ वा घात, म्हणजे १२८ किलोबाइट आहे. अनेक वितरणे २५६ किलोबाइट ठेवतात, आणि बूट होताना लॉग-बफ-लेन हा पर्याय देऊन ते वाढवता येते. डीमेसेज ही आज्ञा हा बफर वाचून दाखवते. संदेश तयार झाला असेल तर तो इथे येतोच, मग त्याची पातळी कोणतीही असो. त्यामुळे कर्नलचा संदेश शोधताना पहिली जागा हीच, आणि इथे तो नसेल तर पडदा, फाइल किंवा खिडकी यांच्याकडे पाहण्यात वेळ घालवू नये.

प्रत्येक संदेशासोबत ० ते ७ अशी एक पातळी असते. ० म्हणजे आणीबाणी, ३ म्हणजे एरर, ४ म्हणजे वॉर्निंग, ६ म्हणजे इन्फो आणि ७ म्हणजे डीबग. आकडा जितका लहान तितका संदेश गंभीर. बफरमध्ये सर्व पातळ्या सारख्याच साठतात. निवड होते ती पुढे, कन्सोलवर. प्रॉक-सिस-कर्नल या मार्गावरची प्रिंटके फाइल उघडलीत तर चार आकडे दिसतील, आणि उबुंटूवर ते बहुधा ४, ४, १, ७ असे असतील. यांतला पहिला आकडा म्हणजे कन्सोलची पातळी. संदेशाची पातळी या आकड्यापेक्षा लहान असेल तरच तो कन्सोलवर छापला जातो. ‘पेक्षा लहान’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत, कारण त्यामुळेच आकडा ७ असताना डीबग संदेश छापला जात नाही आणि ८ लागतो. दुसरा आकडा म्हणजे पातळी न सांगता लिहिलेल्या संदेशाला मिळणारी पातळी, तिसरा म्हणजे कन्सोलची पातळी जास्तीत जास्त किती खाली आणता येते याची मर्यादा, आणि चौथा म्हणजे कन्सोलची मूळ पातळी.

आता तुमच्या खिडकीबद्दल. कर्नलच्या दृष्टीने कन्सोल म्हणजे बूटच्या वेळी कन्सोल म्हणून नोंदवलेले उपकरण: लॅपटॉपवर तो कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबल्यावर दिसणारा काळा पडदा असतो, बोर्डावर सिरियल पोर्ट असतो. ग्नोम या डेस्कटॉपच्या आत उघडलेली टर्मिनलची खिडकी हा एक साधा प्रोग्राम आहे; तिच्यामागे आभासी टर्मिनलची जोडी असते आणि कर्नल आपले संदेश तिकडे कधीच पाठवत नाही. पातळी ८ करा किंवा १० करा, त्या खिडकीत आपोआप काही येणार नाही. तिथे संदेश वाहते पाहायचे असतील तर सुडोसह डीमेसेज ‘डब्ल्यू’ पर्यायाने चालवावे, किंवा जर्नलसीटीएल ही आज्ञा ‘के’ आणि ‘एफ’ या पर्यायांसह चालवावी. बोर्ड लावण्याआधी यांपैकी एक चालू करून ठेवा आणि आलेल्या ओळी इथे द्या.

मॉड्यूलमधल्या पीआर-डीबगचे उत्तर वेगळे आहे. ती ओळ बफरपर्यंत पोचलेलीच नाही, म्हणून कोठेही दिसत नाही. पीआर-डीबग आणि ड्रायव्हरमध्ये वापरले जाणारे डेव्ह-डीबीजी यांचे वागणे कर्नल कसा बांधला आहे यावर ठरते. डायनॅमिक डीबग ही सोय नसलेल्या कर्नलमध्ये, फाइलच्या सुरुवातीला डीबग हा मॅक्रो जाहीर केला नसेल तर या ओळी बायनरीत राहतच नाहीत. डायनॅमिक डीबग असलेल्या कर्नलमध्ये, आणि उबुंटू, डेबियन, फेडोरा यांचे कर्नल तसेच असतात, या ओळी बायनरीत असतात पण प्रत्येकीला स्वतःचे बटन असते आणि ते मुळात बंद असते. बंद बटनाची ओळ संदेशच निर्माण करत नाही.

ही सर्व बटने एका फाइलमध्ये दिसतात: प्रॉक-डायनॅमिक_डीबग-कंट्रोल. तीच फाइल सिस-कर्नल-डीबग या मार्गाखालीही असते, परंतु सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर कर्नलची लॉकडाउन व्यवस्था त्या मार्गाला अडवते, म्हणून प्रॉकमधला मार्ग वापरण्याची सवय लावून घेणे बरे. त्या फाइलमधून सीएच३४१ हे नाव असलेल्या ओळी शोधा. चिप ३४० असली तरी ड्रायव्हरचे नाव सीएच३४१ आहे. प्रत्येक ओळीत सोर्स फाइलचे नाव आणि ओळीचा क्रमांक, चौकटी कंसात मॉड्यूलचे नाव, मग फंक्शनचे नाव, मग बरोबरचे चिन्ह आणि एक अक्षर, आणि शेवटी संदेशाचा मजकूर असतो. बरोबरच्या चिन्हापुढे अधोरेखा असेल तर बटन बंद, ‘पी’ असेल तर चालू. या ड्रायव्हरमध्ये चिपची आवृत्ती सांगणारी एक ओळ आहे, ती चाचणीसाठी उत्तम, कारण बोर्ड जोडला की ती एकदा येतेच. त्या फाइलमध्ये ‘मॉड्यूल सीएच३४१ प्लस पी’ असे लिहिले की त्या ड्रायव्हरची सगळी बटने चालू होतात. ‘प्लस पी’च्या जागी ‘प्लस पीएफएल’ लिहिले तर संदेशापुढे फंक्शनचे नाव आणि ओळीचा क्रमांकही छापला जातो.

प्रतिसाद २ : पाटीपेन्सिल

तारायंत्रकाका, इतके सविस्तर लिहिल्याबद्दल मनापासून आभार. दोन गोष्टी नोंदवते.

सुडो लावून इको आणि पुढे ‘पेक्षा मोठे’ चिन्ह देऊन कंट्रोल फाइलमध्ये लिहायला गेले तर परवानगी नाकारली असे उत्तर येते. सुडो असूनही हे का होत असावे?

दुसरे म्हणजे डीमेसेज ‘डब्ल्यू’ पर्यायाने चालवून बोर्ड लावला, तेव्हा ओळींची एक रांगच आली. त्यांचा आशय असा: नवे फुल-स्पीड यूएसबी उपकरण सापडले; विक्रेता क्रमांक १ए८६ आणि उत्पादन क्रमांक ७५२३; सीएच३४१ कन्व्हर्टर ओळखला; तो टीटीवाययूएसबी० ला जोडला. लगेच पुढे यूएसबीएफएसची ओळ आहे, की शून्य क्रमांकाचा इंटरफेस सीएच३४१ ने घेतलेला असताना ‘बीआरएलटीटीवाय’ कॉन्फिगरेशन १ ठरवत आहे. आणि त्यानंतर कन्व्हर्टर टीटीवाययूएसबी० पासून तुटला. हे सर्व एका सेकंदात घडते. डीबगची बटने अजून चालूच केलेली नाहीत, तरी हे दिसले.

प्रतिसाद ३ : निशाचर

परवानगीचा प्रश्न आधी. ‘पेक्षा मोठे’ हे चिन्ह तुमचा शेल हाताळतो, आणि शेल तुमच्या साध्या खात्यावर चालतो. सुडोने फक्त इकोला रूटचे अधिकार मिळाले. फाइल उघडण्याचे काम मात्र शेलने तुमच्या अधिकारात करून पाहिले आणि ते नाकारले गेले. इकोचे उत्पन्न पाइपने टी या आज्ञेला द्या आणि सुडो टीच्या आधी लावा, म्हणजे फाइल उघडणारा प्रोग्रामच रूट असेल.

आता बोर्डाबद्दल. उत्तर तुम्ही आणलेल्या ओळींत पूर्ण आहे. बीआरएलटीटीवाय हा दृष्टिहीन वापरकर्त्यांच्या ब्रेल डिस्प्लेसाठी चालणारा प्रोग्राम आहे. काही ब्रेल उपकरणे हाच विक्रेता क्रमांक आणि हाच उत्पादन क्रमांक वापरतात, त्यामुळे उबुंटू २२.०४ मध्ये यूडेव्हच्या (जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या सेवेच्या) नियमाने तुमचा बोर्ड म्हणजे ब्रेल डिस्प्ले आहे असे धरले जाते आणि तो प्रोग्राम ड्रायव्हरच्या हातातून इंटरफेस काढून घेतो. बहुतेक ठिकाणी यावर ‘ते पॅकेज काढून टाका’ एवढेच सांगितलेले असते. संगणक तुमच्या एकट्याचा असेल तर तसे करायला हरकत नाही. परंतु तो संगणक प्रयोगशाळेतला किंवा वाचनालयातला असेल, तर तो प्रोग्राम कोणाचा तरी एकमेव आधार असू शकतो हे लक्षात ठेवावे. अशा ठिकाणी यूएसआर-लिब-यूडेव्ह-रूल्सडॉटडी मधली ८५-बीआरएलटीटीवाय ही नियमांची फाइल ईटीसी-यूडेव्ह-रूल्सडॉटडी मध्ये त्याच नावाने उतरवून घ्यावी, त्या प्रतीत फक्त १ए८६ आणि ७५२३ ची ओळ टिप्पणी म्हणून बंद करावी आणि यूडेव्हला नियम पुन्हा वाचायला लावावेत. मूळ फाइलमध्ये बदल केला तर पुढच्या अपडेटला तो पुसला जाईल.

यूएसबीएफएसची ती ओळ वॉर्निंग पातळीची, म्हणजे ४ ची आहे हेही पाहण्यासारखे आहे. कन्सोलची पातळीही उबुंटूवर ४ असते, आणि ४ हा ४ पेक्षा लहान नाही, म्हणून ती काळ्या पडद्यावरही आपोआप येत नाही. बूटच्या पर्यायांतून ‘क्वायट’ काढले तरी हे बदलत नाही, कारण ईटीसी-सिसीटीएलडॉटडी मध्ये १०-कन्सोल-मेसेजेस नावाची एक फाइल असते आणि ती पुढे पातळी पुन्हा ४ करते. मुद्दाम ठेवलेली ही मांडणी योग्यच आहे असे माझे मत आहे. लॉगिन करताना मध्येच नेटवर्क कार्डाच्या ओळी येऊन पासवर्डाची जागा विस्कटावी, हे कोणालाच नको असते.

प्रतिसाद ४ : सह्यवासी

चांगला धागा. मी पुण्यात एम्बेडेड बोर्डांवर काम करतो, तिथला अनुभव थोडा वेगळा आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे नवीन मुलांना सरळ सांगितले जाते की बूटच्या ओळीत ‘डीबग’ हा शब्द टाका आणि सिरियल पोर्टवर सगळे पाहा. ते सोपे पडते. त्यात काही चूक आहे काय?

प्रतिसाद ५ : तारायंत्र

सह्यवासी, चूक नाही, परंतु तो शब्द जे करतो असे मुले समजतात ते तो करत नाही. बूटच्या ओळीतला ‘डीबग’ कन्सोलची पातळी १० करतो, एवढेच. पीआर-डीबगची बंद बटने तो चालू करत नाही. बोर्डाच्या कर्नलमध्ये डायनॅमिक डीबग नसेल आणि मॅक्रोही जाहीर केला नसेल, तर त्या ओळी बायनरीतच नाहीत, मग पातळी कितीही ठेवली तरी त्या येणार कोठून?

शिवाय सिस्टमडीही (यंत्रावरच्या सेवा सुरू करणारा प्रोग्राम) बूटच्या ओळीतला हाच शब्द वाचते आणि स्वतःचा तपशीलवार लॉग चालू करते. २०१४ च्या एप्रिलमध्ये यावरून कर्नलच्या आणि सिस्टमडीच्या विकसकांत जाहीर आणि बराच कडवट वाद झाला होता, कारण सिस्टमडीच्या ओळींनी कर्नलचा बफर भरून जाऊन यंत्र बूट होणेच अवघड होत असल्याची तक्रार आली होती. पुढे बाहेरच्या प्रोग्रामांनी कर्नलच्या बफरमध्ये किती लिहावे यावर मर्यादा घालणारा पर्याय कर्नलमध्ये आला. त्यामुळे ज्या ड्रायव्हरबद्दल शंका आहे तेवढ्याचीच बटने उघडावीत. बूटच्या ओळीत ड्रायव्हरचे नाव, टिंब, ‘डायनडीबीजी’ आणि बरोबर ‘प्लस पी’ असे लिहिले की ते मॉड्यूल जेव्हा केव्हा चढेल तेव्हा त्याच्या ओळी पहिल्या क्षणापासून चालू असतात.

पाटीपेन्सिलताईंच्या सरावाच्या मॉड्यूललाही हे लागू आहे. कंट्रोल फाइलमध्ये मॉड्यूलच्या ओळी ते चढल्यावरच दिसतात, आणि तोपर्यंत त्याचे इनिट फंक्शन (मॉड्यूल चढताना चालणारे) चालून गेलेले असते. म्हणजे इनिटमधली पीआर-डीबगची ओळ नंतर बटन दाबून कधीच पाहता येत नाही. इनस्मॉड या आज्ञेने मॉड्यूल चढवताना फाइलच्या नावापुढे ‘डायनडीबीजी’ बरोबर ‘प्लस पी’ द्या. किंवा सोर्समध्ये डीबग मॅक्रो जाहीर करा, पण तो सर्व इन्क्लूड ओळींच्या आधी यायला हवा, नाहीतर त्याचा उपयोग होत नाही. मेकफाइलमध्ये सीसीफ्लॅग्स-वाय मध्ये ‘वजा डी डीबग’ जोडणे अधिक स्वच्छ.

आणखी एक बारकी बाब, जी नवशिक्यांना फार छळते. संदेशाच्या शेवटी नव्या ओळीचे चिन्ह द्यायला विसरू नये. ते नसेल तर कर्नल ती नोंद अपुरी समजतो, पुढे तिला काही जोडले जाईल अशी वाट पाहतो, आणि दुसरा कोणताही संदेश येईपर्यंत ती वाचणाऱ्याला दिसत नाही. त्यामुळे असा भास होतो की मॉड्यूल काढल्यावर मॉड्यूल चढल्याचा संदेश आला.

प्रतिसाद ६ : सह्यवासी

हे पटले. सिरियलबद्दल मी एक भर घालतो. ११५२०० बॉडच्या पोर्टवर सेकंदाला सुमारे ११,५२० अक्षरे जातात, म्हणजे ८० अक्षरांची एक ओळ जायला जवळपास ७ मिलिसेकंद लागतात. इंटरप्टच्या मार्गावर अशा चार ओळी टाकल्या की ज्या वेळेच्या चुकीचा आपण शोध घेत आहोत ती चूकच नाहीशी होते, आणि ओळी काढल्या की परत येते. अशा ठिकाणी आम्ही कन्सोलची पातळी खाली ठेवतो, संदेश बफरमध्ये साठू देतो आणि नंतर डीमेसेजने वाचतो.

वेळ आणखी नाजूक असेल तर ट्रेस-प्रिंटके वापरतो. त्याचे संदेश मात्र डीमेसेजमध्ये शोधू नयेत. ते सिस-कर्नल-ट्रेसिंग या मार्गावरच्या ट्रेस फाइलमध्ये जातात. ट्रेस-प्रिंटके असलेला कोड चढला की डीमेसेजमध्ये एक मोठी चौकट येते आणि हा डीबगचा कर्नल आहे, प्रत्यक्ष कामाच्या यंत्रावर वापरू नये, असे ती बजावते. ती चौकट पाहून घाबरायचे कारण नाही, परंतु तो कोड ग्राहकाकडे जाऊ देऊ नये.

प्रतिसाद ७ : मोगरा

मी वाचक म्हणूनच होते, पण आता विचारते. आमच्या कार्यालयात रेड हॅटच्या घराण्यातले सर्व्हर आहेत. तिथे वार-लॉग-मेसेजेस या फाइलमध्ये डीबग ओळी कधीच दिसत नाहीत, जरी डीमेसेजमध्ये त्या असल्या तरी. आणि घरच्या डेबियन १२ वर तर केर्नडॉटलॉग ही फाइलच नाही. मी चुकीच्या ठिकाणी पाहत आहे का?

प्रतिसाद ८ : निशाचर

मोगराताई, तुम्ही योग्य ठिकाणी पाहत आहात. फक्त त्या त्या ठिकाणी काय लिहायचे हे कर्नल ठरवत नाही. बफरमधून संदेश उचलून डिस्कवर नेण्याचे काम जर्नलडी किंवा आरसिसलॉग हे प्रोग्राम करतात, आणि गाळणी त्यांची असते. रेड हॅटच्या घराण्यातील आरसिसलॉगच्या मांडणीत मेसेजेस फाइलसाठीचा नियम ‘जवळपास सर्व सुविधांचे (म्हणजे कर्नल, मेल अशा संदेश पाठवणाऱ्या विभागांचे) इन्फो आणि त्याहून गंभीर’ असा आहे, म्हणून पातळी ७ तिथेच गळते. उबुंटू २२.०४ वर केर्नडॉटलॉगचा नियम ‘कर्नलचे सर्व काही’ असा असल्याने तिथे डीबग ओळी पोचतात. डेबियन १२ पासून आरसिसलॉग मुळातून बसवलेलेच नसते, त्यामुळे ती फाइल तयारच होत नाही. फेडोराने हेच २०१३ मध्ये फेडोरा २० पासून केले.

म्हणून वितरण कोणतेही असो, सिस्टमडी असेल तर जर्नलसीटीएल ‘के’ पर्यायाने चालवणे हा मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. ‘के’ म्हणजे सध्याच्या बूटमधले कर्नलचे संदेश. मागच्या बूटचे हवे असतील तर सोबत ‘बी’ आणि वजा १ द्यावे. यासाठी जर्नल डिस्कवर साठत असले पाहिजे: वार-लॉग-जर्नल हे फोल्डर नसेल तर जर्नल रन या फोल्डरमध्ये, म्हणजे मेमरीत राहते आणि यंत्र बंद होताच जाते. उबुंटूवर ॲडम गटातल्या सदस्याला सुडोशिवाय जर्नल वाचता येते, तर डीमेसेजला उबुंटू २०.१० पासून रूटचे अधिकार लागतात. डेबियनवर हे बंधन त्याआधीपासून आहे. कर्नलच्या संदेशांत मेमरीतले पत्ते असू शकतात आणि हल्लेखोराला ते उपयोगी पडतात, म्हणून हे बंधन काढून टाकू नये असे मी आग्रहाने सांगेन.

डीबग ओळी धो धो येत असतील तर जर्नलमध्ये ‘इतके कर्नल संदेश हुकले’ अशा अर्थाची ओळ शोधा. ती असेल तर जर्नलडी वाचायच्या आत बफर फिरून गेला असे समजावे आणि बफर मोठा करावा. कमी ओळी उघडता आल्या तर त्याहून चांगले. डीमेसेजच्या ‘टी’ पर्यायाने दिसणारी तारीख-वेळही लॅपटॉप झोपून उठल्यावर चुकीची दाखवली जाऊ शकते, कारण कर्नलच्या शिक्क्यात झोपेचा काळ धरलेला नसतो. घटनेची खरी वेळ हवी असेल तर तीही जर्नलमधून घ्यावी.

प्रतिसाद ९ : तारायंत्र

आपल्या यंत्रावर कोणती पातळी कोठपर्यंत पोचते हे मॉड्यूल न लिहिता तपासता येते. डेव्ह-केएमएसजी या उपकरणात रूट म्हणून एखादी ओळ लिहिली की ती कर्नलच्या बफरमध्ये जाते, आणि ओळीच्या आरंभी टोकदार कंसात पातळीचा आकडा देता येतो. टोकदार कंसात ७ आणि पुढे ‘चाचणी सात’ असे लिहा, मग टोकदार कंसात ३ आणि ‘चाचणी तीन’. हे लेखन कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ दाबून काळ्या पडद्यावर लॉगिन करून तिथूनच करा: पातळी ४ असेल तर तिथे कर्नलकडून फक्त तीनची ओळ छापली जाईल. डीमेसेजमध्ये दोन्ही असतील आणि जर्नलसीटीएलच्या ‘के’ पर्यायानेही दोन्ही दिसतील.

केर्नडॉटलॉगमध्ये मात्र या दोन्ही ओळी दिसणार नाहीत, आणि त्यावरून ती फाइल बिघडली आहे असा निष्कर्ष काढू नये. बाहेरून लिहिलेल्या ओळीला कर्नल स्वतःची ओळख देऊ देत नाही, तिच्यावर वापरकर्त्याच्या सुविधेचा शिक्का बसतो, आणि आरसिसलॉगचे कर्नल वाचणारे मॉड्यूल मूळ मांडणीत अशा ओळी सोडून देते.

प्रतिसाद १० : पाटीपेन्सिल

नियमांच्या फाइलची प्रत करून ती एक ओळ बंद केली, बोर्ड लावला, आणि टीटीवाययूएसबी० आता टिकून आहे. प्रोग्रामही चढला. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही हेच बोर्ड आहेत; तिथे पॅकेज न काढता हाच उपाय करायला सांगणार आहे. सीएच३४१ ची बटने उघडून चिपची आवृत्ती सांगणारी ओळही पाहिली. डीमेसेजमध्ये ती आली, खिडकीत आपोआप आली नाही, आणि ते तसे का हे आता नीट समजले. इनस्मॉडला ‘डायनडीबीजी’ दिल्यावर माझ्या मॉड्यूलची ओळही आली.

एक शेवटची शंका आहे. मॉड्यूलमधल्या चुकीमुळे यंत्र गोठले तर डीमेसेज चालवताच येणार नाही आणि जर्नलला डिस्कवर लिहायलाही वेळ मिळणार नाही. मग त्या आधीच्या डीबग ओळी वाचायच्या कोठे?

प्रतिसाद ११ : सह्यवासी

शिकत असताना यंत्र गोठेल असे काम खऱ्या लॅपटॉपवर करूच नये. क्यूएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये कर्नल चालवा, बूटच्या ओळीत कन्सोल म्हणून टीटीवायएस० द्या आणि क्यूएमयूला नो-ग्राफिक पर्याय द्या. मग आभासी यंत्राचा सिरियल कन्सोल थेट तुमच्या टर्मिनलच्या खिडकीत येतो. आभासी यंत्र गोठले तरी शेवटची ओळ तुमच्यासमोर असते. पातळी मात्र ८ ठेवावी लागेल, कारण हा खरोखरीचा कन्सोल आहे.

खऱ्या यंत्रावरच करायचे असेल आणि त्याला सिरियल पोर्ट नसेल, तर नेटकन्सोल हे मॉड्यूल कर्नलचे संदेश यूडीपीने शेजारच्या संगणकाला पाठवते. पाठवणाऱ्याचा पोर्ट ठरवला नाही तर ६६६५ आणि घेणाऱ्याचा ६६६६ धरला जातो. पलीकडे नेटकॅट यूडीपीवर ६६६६ ऐकत ठेवले की झाले. त्यासाठी तारेचे इथरनेट वापरावे.

प्रतिसाद १२ : निशाचर

दोन्ही सोयी आधी करून ठेवलेल्या नसतील आणि पॅनिक (कर्नल स्वतःहून थांबतो अशी गंभीर चूक) होऊन गेलेला असेल, तर पीस्टोअर पाहावे. पॅनिकच्या क्षणी कर्नल आपल्या बफरचा शेवटचा भाग, मुळात १० किलोबाइटपर्यंत, यूईएफआयच्या कायम मेमरीत किंवा बोर्डावर राखून ठेवलेल्या रॅममध्ये लिहू शकतो. इथे कन्सोलची पातळी आड येत नाही, कारण मजकूर थेट बफरमधून घेतला जातो. पुढच्या बूटनंतर तो सिस-एफएस-पीस्टोअर या फोल्डरमध्ये दिसतो, आणि सिस्टमडी-पीस्टोअर ही सेवा चालू असेल तर वार-लिब-सिस्टमडी-पीस्टोअर या फोल्डरमध्ये हलवलेला असतो. मजकूर अनेक तुकड्यांत असतो आणि क्रमांक उलटे असतात: ‘पार्ट १’ हा सर्वांत ताजा, पॅनिकच्या लगतचा तुकडा, आणि वाढत्या क्रमांकाचे तुकडे त्याआधीचे. सेवेने ते जोडून एकत्र फाइल केली नसेल तर मोठ्या क्रमांकापासून १ कडे वाचत यावे. यंत्र पॅनिक न होता नुसतेच गोठले आणि वीज बंद करून चालू केले, तर मात्र पीस्टोअरमध्ये काही लिहिले गेलेले नसते. त्या प्रसंगी सह्यवासी यांनी सांगितलेला सिरियल किंवा नेटकन्सोलच कामी येतो.